टीव्ही बघायचा तर असा बघा

मी मालिका, रिअ‍ॅलिटी शो आणि माहितीपट यांचं संकलन, म्हणजे एडिटिंग, करते. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "हल्ली टीव्हीवर बघण्यासारखं काही असतं का हो?" असतं, आणि भरपूर असतं. पण ते आपणहून समोर येत नाही. ते शोधायचं कसं आणि बघायचं कसं, हे संकलनाच्या खोलीत बसून मला जे उमगलं ते इथे लिहिते आहे.

ही तक्रार आजची नाही. १९६१ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी वाहिन्यांच्या चालकांना सुनावलं होतं की, एक दिवस आपापल्या वाहिनीसमोर सकाळपासून प्रक्षेपण संपेपर्यंत बसून दाखवा. दिसेल ते एक अफाट ओसाड माळरान. एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच भाषणात त्यांनी असंही म्हटलं होतं की, टीव्ही चांगला असतो तेव्हा नाटक, मासिकं, वर्तमानपत्रं, काहीच त्याची बरोबरी करू शकत नाही. मला या दोन्ही गोष्टी आजही तितक्याच खऱ्या वाटतात.

सुरुवात रिमोट हातात घेण्याआधी करा. ज्यांच्या आवडीवर तुमचा विश्वास आहे अशा माणसांनी सुचवलेल्या कार्यक्रमांची यादी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे कुणी सुचवलं तेही लिहा. थोड्याच दिवसांत कळतं की कुणाची शिफारस आपल्याला मानवते आणि कुणाची नाही. अ‍ॅप उघडल्यावर समोर दिसणाऱ्या रांगांवर विसंबू नका. तिथे काय वर ठेवायचं हे कंपनी ठरवते, आणि स्वतः पैसा घातलेला कार्यक्रम तिला पुढे करायचाच असतो. यादीतलं एक नाव ठरवा, थेट शोधा, लावा.

मग सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती प्रोफाइलच्या आत सापडते. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने एका मालिकेचे तेरा भाग एकाच दिवशी खुले केले, आणि तेव्हापासून सगळा हंगाम सलग बघायची सवय जगभर पसरली. भागाचा शेवट तुम्ही उठू नये अशाच बेताने कापलेला असतो. ते आमचं काम आहे आणि आम्ही ते मन लावून करतो. त्यामुळे भाग संपल्यावर थांबणं जड जातं. त्याऐवजी पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटं बघा आणि मग बंद करा. शेवटी मारलेली गाठ तोवर बहुधा सुटलेली असते, आणि नवी अजून पडलेली नसते. झोपेची वेळ पाळायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता मुख्य प्रश्न: मालिका चांगली आहे की नाही हे लवकर कसं ओळखायचं? पहिल्या भागावरून ओळखू नका. तो मालिका विकण्यासाठी केलेला असतो. पैसा, वेळ आणि दिग्दर्शकाचं लक्ष त्याच्याच वाट्याला सगळ्यांत जास्त येतं. तिसरा किंवा चौथा भाग बघा. तिथे मालिकेची रोजची चाल दिसते.

त्या भागातला एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. कोण काय मिळवायला धडपडतंय, कोण लपवतंय, खोलीत वजन कुणाचं आहे, हे नुसतं बघून कळतंय का? कळत असेल तर दिग्दर्शक, नट आणि कॅमेरा तिघांनीही आपापलं काम केलेलं आहे. मग उलट करा. पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. सगळी गोष्ट संवादांतूनच कळत असेल, म्हणजे पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत असतील, तर ती मालिका फोन चाळत बसणाऱ्या प्रेक्षकासाठी लिहिलेली आहे. चांगल्या प्रसंगात ऐकून अर्धंच कळतं. माझा कल स्पष्ट आहे: जी मालिका प्रेक्षकाला जोडकाम करायला लावते, तिला मी वेळ देते.

रोजच्या मालिकेसाठी वेगळी परीक्षा घ्या. सोमवारचा भाग बघा आणि मग थेट शुक्रवारचा. मधलं काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, तर पुढेही आठवड्यातून एखादाच भाग बघा. मालिका ताणली जाते त्याचं कारण आळस नव्हे. रोज एक भाग द्यायचा असतो, कधी कधी आज चित्रित झालेलं फूटेज उद्या प्रक्षेपित होतं, आणि हाताशी बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, उरलेली नसते. अशा वेळी मागच्या भागाची उजळणी लांबते, एका धक्क्यानंतर घरातल्या प्रत्येकाचा चेहरा दाखवला जातो, तोच धक्का संथ गतीने पुन्हा येतो. तिथली माणसं जीव तोडून काम करतात. तरीही तुमची संध्याकाळ तुमचीच आहे.

रिअ‍ॅलिटी शो बघायला हरकत नाही. डोळे उघडे ठेवून बघा. एखादं झोंबणारं वाक्य कानावर पडलं की बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का ते बघा. वाक्य सुरू होताना चेहरा दिसला आणि नेमक्या बोचऱ्या शब्दांवर चित्र दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर ते वाक्य दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून बनवलेलं असू शकतं. आमच्या धंद्यात त्याला फ्रँकनबाइट म्हणतात. दरवेळी तसंच असतं असं नाही. पुष्कळदा नुसता श्वास किंवा अडखळणं काढण्यासाठी आम्ही दुसरीकडे कट घेतो. पण ज्या वाक्यावरून तुम्ही कुणाला दुष्ट ठरवणार आहात, ते वाक्य बोलताना त्याचे ओठ दिसलेच पाहिजेत, एवढा हट्ट धरा. तसंच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचं. त्याच्या हातातलं भांडं, मागच्या खिडकीतला उजेड, केसांची ठेवण अचानक बदलली असेल, तर ती मुद्रा भलत्याच वेळची आहे. मुलांबरोबर हा शोध घ्या. त्यांना तो फार आवडतो, आणि पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कुणीतरी रचलेली असते हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

माहितीपट हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रकार. इथेही रचना असते. दुरून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज तिथे क्वचितच मिळतो. तो पुष्कळदा नंतर स्टुडिओत तयार होतो. मला त्यात फसवणूक वाटत नाही. फसवणूक वेगळीकडे असते. बोलणाऱ्या तज्ज्ञाचं नाव आणि काम पडद्यावर दिसतं का? नट घेऊन पुन्हा उभा केलेला प्रसंग तसा सांगितला आहे का? दुसऱ्या बाजूच्या माणसाला पूर्ण वाक्य बोलू दिलं आहे का? या तिन्हींना नाही असं उत्तर आलं, तर चित्रण कितीही देखणं असो, मी बंद करते.

बातम्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या दोन सर्वांत मोठ्या वाहिन्यांचं संध्याकाळचं बातमीपत्र १९६३ पर्यंत पंधरा मिनिटांचं होतं. १ जून १९८० ला सीएनएन सुरू झालं आणि चोवीस तास बातम्यांचं युग आलं. पण दिवसभरात घडणाऱ्या, नीट तपासलेल्या बातम्या काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, म्हणून उरलेली जागा चर्चेने भरली गेली. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं एकच बातमीपत्र निवडा. वार्ताहर घटनास्थळी आहे का आणि जुनं चित्रण असेल तर तसं लिहिलं आहे का, एवढं बघा. चौकटीत चेहरे मांडून आरडाओरडा सुरू झाला की उठा. मोठी घटना घडत असेल तेव्हाही पहिल्या तासांत तीच दृश्यं फिरत राहतात. रात्री परत या.

सगळं टीव्ही घाईचं असतं असं मात्र नाही. २००९ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीने बर्गेन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास दाखवला, सात तासांहून लांब. २०११ मध्ये तिने किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाचा प्रवास १३४ तास सलग थेट दाखवला. नॉर्वेत लाखो लोकांनी ते बघितलं. माझं सगळं आयुष्य कट करण्यात गेलं, आणि तरी अशा फारसे कट नसलेल्या चित्रासमोर बसून मला मनापासून आनंद होतो. आजारपणात किंवा थकून आल्यावर असं काहीतरी लावून बघा.

संचाकडेही एकदा लक्ष द्या. चित्रपट आणि बऱ्याच मालिका सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेम्सनी, चित्रित होतात. नवे संच मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतात, त्यामुळे सगळं गुळगुळीत आणि खोटं दिसतं. या सोयीचं नाव प्रत्येक कंपनी वेगळं ठेवते. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असा शब्द शोधा आणि ती बंद करा. खेळासाठी हवी तर ठेवा. २०१९ मध्ये जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' तुमच्या संचात असेल तर तोच निवडा. संवाद ऐकू येत नसतील तर दोष तुमच्या कानांचा असेलच असं नाही. पातळ संचांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आणि अनेक स्पीकरसाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, जो साध्या संचाला स्वतंत्र नसतो. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ, म्हणजे दोनच स्पीकरसाठीचा आवाज, मिळाला तर तो घ्या, नाही तर रात्रीसाठीचा आवाजाचा मोड सुरू करा.

आवडलेली मालिका संपली की तिचा पहिला भाग पुन्हा बघा. शेवटी उलगडलेलं बहुतेक सगळं तिथेच पेरलेलं सापडतं, आणि नीट बांधलेली मालिका कोणती ते इथे कळतं. मग श्रेयनामावली पूर्ण वाचा. अ‍ॅप ती लहान करून कोपऱ्यात ढकलतं. रिमोटने निवडून ती पुन्हा मोठी करता येते. लेखकाचं, दिग्दर्शकाचं आणि संकलकाचं नाव यादीत लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी त्यांनी आणखी काय केलं आहे ते शोधा.