जाणाऱ्या डिस्कची नक्कल काढण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याचा लिनक्स सर्व्हर परवा हातात आला. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, अहवाल काढला, तर 'करंट पेंडिंग सेक्टर'चा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा; पेंडिंग म्हणजे नीट वाचता न येणारे) आकडा सकाळी 48 आणि दुपारी 112. आकडा असा चढत असेल तर डिस्कचा भरवसा संपला. मशीन लगेच बंद करा आणि तयारी पुरी झाल्याशिवाय सुरू करू नका. एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारा लिनक्सचा आदेश, तर मुळीच चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागतं. एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी हे केलं होतं, आणि पावत्यांचं अख्खं फोल्डर गेलं ते गेलंच. अजून वाईट वाटतं.

डिस्कमधून ठरावीक टक्-टक् येत असेल तर पुढचं काही करू नका, ती रिकव्हरी लॅबकडेच न्या. फ्रीजरमध्ये ठेवायला सांगणारे भेटतील. ठेवू नका, दव धरतं.

नवी डिस्क घ्यायला जाण्याआधी जुनीचे सेक्टर मोजून कागदावर लिहा. आजच्या 1 टीबी डिस्कवर 512 बाइटचे साधारण 1,95,35,25,168 सेक्टर असतात. नवी यात एकानंही कमी चालत नाही. दुकानात सीएमआर डिस्क मागा. एसएमआर जातीच्या डिस्कवर माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, म्हणून ती मोठ्या लिखाणात रखडते. यूएसबीचा डबा नको, दोन्ही डिस्क मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला थेट लावा. त्यासाठी जादा केबल जवळ ठेवा.

वेळेचा हिशेब मालकांना आधीच सांगा. सेकंदाला 100 एमबीनं वाचलं तर 1 टीबीला पावणेतीन तास. आजारी डिस्क दोन दिवसही खाते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42-43 वर, त्यात लाइट कधी जाईल नेम नाही. यूपीएसची बॅटरी तपासा, डिस्कवर टेबलफॅन लावा. आणि नक्कल काढणाऱ्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामची मॅपफाइल, म्हणजे कुठला भाग वाचून झाला याची नोंद, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून, काम करताना ती रॅममध्येच राहिली, तर लाइट गेल्यावर कुठवर आलो याचा पत्ताच उरत नाही. मॅपफाइल असली की काम थांबलं होतं तिथून पुढं चालू होतं.

माझा सगळ्यात जास्त जीव आता सांगतो त्यात असतो. दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून मार्करनं 'जुनी', 'नवी' आणि सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक लिहा. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, सीरियल बदलत नाही. डीडीरेस्क्यूच्या आदेशात आधी जुनी, मग नवी, शेवटी मॅपफाइल. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. म्हणून एंटर दाबण्याआधी दुसऱ्या माणसाकडून अंक वाचून घ्या. त्या दिवशी दिवाणजीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवून पट्टी डोळ्यांजवळ धरली. "सात, शून्य, चार, नऊ. परत वाचू का?" परत वाचायला लावलं.

पहिल्या फेरीला 'नो-स्क्रेप' हा पर्याय द्या. त्यानं खराब जागा खरवडत बसणं टळतं, म्हणजे चांगला भाग आधी हाती लागतो. खराब जागांवर तीन प्रयत्न दुसऱ्या फेरीत.

नक्कल झाली की मशीन बंद करून जुनी काढा, मगच नवीवरून बूट करा. दोन्हींचा यूयूआयडी, म्हणजे सिस्टम ज्यावरून डिस्कचे भाग ओळखते तो क्रमांक, एकच असल्यानं सिस्टम भलतीच उचलू शकते. एफएससीके आता, नवीवर. जुनी पट्टीसकट कपाटात ठेवा. निदान एक महिनाअखेर आणि जीएसटीचं एक विवरणपत्र नवीवरून पार पडेपर्यंत ती कोणाला देऊ नका.