कॉन्व्हेंटमधला सण: घंटा, कढई आणि रिक्रिएशन

मराठीत कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते. इथे मात्र सिस्टरांचं राहतं घर अभिप्रेत आहे. घरात आठ-दहा सिस्टर आहेत, निम्म्या शाळेत नाहीतर दवाखान्यात कामाला जातात, दोघी-तिघी सत्तरीपुढच्या आहेत आणि या वर्षी सणांची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

अशा घरातला सण पैशावाचून क्वचितच अडतो. बहुतेक वेळा प्रार्थनेच्या घंटेशी कार्यक्रमाचा मेळ बसत नाही, नाहीतर दोन सिस्टर दिवसभर चुलीपाशी राबतात आणि बाकीच्या त्यांच्यासाठी टाळ्या वाजवून झोपायला जातात. म्हणून तयारीचा कागद घेतलात की मेन्यू मागाहून लिहा. आधी दोन गोष्टी ठरवा: कोणत्या प्रार्थनेपासून कोणत्या प्रार्थनेपर्यंत वेळ हातात आहे, आणि स्वयंपाक करणारी सिस्टर किती वाजता खुर्चीवर बसणार.

आधी कॅलेंडर

सगळे सण एका मापाचे नसतात. लितुर्जीत, म्हणजे चर्चच्या उपासनाविधीत, महोत्सव, सण आणि स्मरणदिन अशी उतरती भाजणी आहे. महोत्सव आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासूनच सुरू होतो. म्हणजे १५ ऑगस्टच्या मरियेच्या स्वर्गोन्नयनाची फुलं, वेदीवरचा पांढरा कपडा, चॅपलची झाडलोट हे सगळं १४ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत व्हायला हवं. १५ला सकाळी फुलं आणायला पळणारी सिस्टर अर्धा सण बाजारात घालवते. त्यातून त्या दिवशी शाळेत झेंडावंदन असतं आणि पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, मिस्सा (मुख्य उपासना). घरचं निवांत जेवण दुपारी ठेवलं तर पानावर बसायला निम्म्याच उरतात, तेव्हा ते रात्रीच ठेवा.

वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसलात की अडचणी आधीच दिसतात. ८ डिसेंबर आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांतल्या) रविवारी आला तर मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा महोत्सव सोमवारी सरकतो. २०२४ मध्ये तसंच झालं आणि तो ९ला आला. २०२७ मध्ये १९ मार्चचा संत जोसेफचा महोत्सव प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) शुक्रवारी येतो. महोत्सव शुक्रवारी आला की मांसत्यागाचं बंधन उरत नाही, चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, १२५१व्या कलमात तशी तरतूद आहे. तेव्हा त्या दिवशी घरात मटण शिजलं तर कुणी दचकू नये. त्याच वर्षी २५ मार्चला पवित्र गुरुवार (गुड फ्रायडेच्या आदला दिवस) असल्यामुळे मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा महोत्सव ५ एप्रिलला साजरा होईल. हे ठाऊक नसलेल्या घरात केक चक्क पवित्र आठवड्यात तयार होतो.

आपल्या संघाच्या (सिस्टरांच्या संस्थेच्या) संस्थापिकेचा दिवस आणि घराच्या पालकसंताचा दिवस तांबड्या पेनाने लिहा. २ फेब्रुवारी हा १९९७पासून समर्पित (व्रतस्थ) जीवनाचा दिवस म्हणून पाळला जातो, पण त्या दिवशी बहुधा धर्मप्रांताचा एकत्र कार्यक्रम असतो. घरी वेगळं काही करू नका, फक्त परतल्यावर चहा तयार असू द्या.

रोजचं रिक्रिएशन

रात्रीच्या जेवणानंतर साधारण सव्वाआठ ते नऊ विरंगुळ्याला एकत्र बसायचं, मग दिवसाची शेवटची प्रार्थना आणि महामौन, म्हणजे रात्रभर बोलणं बंद. बहुतेक घरांत हे असंच चालतं. या पाऊण तासाला वेळापत्रकातली मोकळी जागा समजू नये, तो नियमाचा भाग आहे. स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेजाने २४ ऑगस्ट १५६२ला संत जोसेफचा मठ सुरू केला. तिथल्या कडक मौनातही तिने जेवणानंतर एकत्र बसून बोलायची वेळ राखली, आणि बोलताना हातात सूतकताई असावी असं सांगितलं. पत्ते-सोंगट्यांसारखे खेळ मात्र तिने मना केले होते: इतरांना रमवण्याची देणगी काहीजणींना देव देतोच, असं तिचं म्हणणं. स्वतः ती सणाला डफ वाजवायची.

खेळांची मनाई आज शाळा-दवाखान्यांत काम करणाऱ्या संघांमध्ये कुणी पाळत नाही. हातातल्या कामाची गोष्ट मात्र अजून लागू आहे. नुसतं गोल बसून ‘बोला’ म्हटलं की शाळेतल्या तक्रारी निघतात आणि रिक्रिएशनची स्टाफ मीटिंग होते. शेंगा सोलायच्या असतील, जपमाळा ओवायच्या असतील, वाल निवडायचे असतील, तर ते टेबलावर आणा. हात गुंतले की जिभा सैल होतात, आणि गप्प राहणाऱ्या सिस्टरला गप्प राहायला सबब मिळते. आठवड्यातून दोन दिवस टीव्ही लावायचा असेल तर तो वार ठरवून लावा. रोज लावला की खोलीत दहाजणी असून कुणी कुणाशी बोललेलं नसतं.

भाषेचं पथ्य महत्त्वाचं आहे. एकाच घरात वसईची, गोव्याची, केरळची आणि झारखंडची सिस्टर असते. दोघीजणी मल्याळममध्ये रंगल्या की तिसरी उठून आपल्या खोलीत जाते आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असल्याचं सांगते. त्या वेळेपुरती सगळ्यांना येणारी एकच भाषा ठरवा. अंताक्षरीला मात्र सगळ्या भाषा चालू द्या: अक्षर जुळलं की गाणं कोणत्याही भाषेतलं चालेल, गाणारीने अर्थ एका वाक्यात सांगायचा. चुकीचे अर्थ ऐकण्यात निम्मी मजा आहे.

हाऊजी कुठल्याही वयाला चालते. तिकिटावर तीन ओळींत पंधरा आकडे असतात. दहाजणी असतील आणि दर दहा सेकंदांना एक आकडा पुकारला, तर फुल हाऊसपर्यंत बारा-तेरा मिनिटं जातात, म्हणजे पाऊण तासात तीन डाव पुरे. छापील तिकिटांवरचे आकडे म्हाताऱ्या सिस्टरांना दिसत नाहीत. जाड मार्करने पुठ्ठ्यावर मोठी तिकिटं करून ठेवा आणि खुणेला राजम्याचे दाणे द्या. बक्षीस म्हणून साबण, पेन, चॉकलेट चालतं. पैसे ठेवू नका.

कुलकुल: सगळ्यात चांगला खेळ

नाताळच्या फराळात करंज्या दोघी करू शकतात, केक एकटी करते, पण कुलकुलांना (शिंपल्यासारख्या वळलेल्या, तळलेल्या गोड पदार्थाला) सगळं घर लागतं. म्हणून हा पदार्थ कामांच्या यादीतून काढा आणि रिक्रिएशनच्या यादीत घाला.

आठजणींना पाऊण तास पुरेल असं माप: मैदा २ किलो, बारीक रवा २५० ग्रॅम, पिठीसाखर ३०० ग्रॅम, अंडी ४, तूप १५० ग्रॅम, मीठ दीड चमचा, आणि दोन नारळांचं जाड दूध. तूप कडकडीत तापवून पिठावर ओता आणि चोळा. मूठ वळून पाहावी, ती टिकली म्हणजे मोहन बरोबर बसलं. मग अंडी, साखर, आणि दूध थोडं थोडं. सगळं दूध एकदम ओतू नका, पाऊण लिटरच्या आतच पीठ पुरीपेक्षा जरा सैल भिजतं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. सातशेच्या आसपास होतात.

हे रात्रीच्या रिक्रिएशनला करू नका. वळायला पाऊण तास लागतो, पण एका कढईत साठ-साठ घातले तरी तळायला तासाहून जास्त जातो. मग नऊची घंटा होते, सगळ्या चॅपलमध्ये जातात आणि एकटी सिस्टर महामौनात कढईपाशी उभी राहते. उद्या तळू म्हणून ठेवायचीही सोय नाही: अंडं आणि नारळाचं दूध असलेलं पीठ मुंबई-वसईच्या हवेत रात्रभर आंबतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला बसा आणि पहिलं ताट भरलं की लगेच तळण सुरू करा. तळणारी दर अर्ध्या तासाने बदला.

बिघडतं ते असं. तेलात उलगडले तर शेवटची कड नीट दाबलेली नसते. बाहेरून काळे आणि आत कच्चे म्हणजे तेल फार तापलं किंवा कुणीतरी वाटीभर साखर जास्त घातली. दगडासारखे झाले तर मोहन कमी पडलं. डब्यात मऊ पडले तर गरम असतानाच भरले होते. पाकात अर्धेच घोळा. बाकीचे तसेच ठेवले की मधुमेही सिस्टरांच्या बशीत काहीतरी असतं. साखर पिठातही आहे, तेव्हा त्यांना दोन-चारच, पण टेबल तेच आणि बशी तीच. त्यांच्यापुढे वेगळं फिकं ताट ठेवणं हा सणातला सगळ्यात मोठा अविचार.

नाताळ घरी कधी करायचा

२५ तारखेच्या दुपारी नको. शाळेचे कार्यक्रम, पॅरिशच्या गायनमंडळाचा सराव, गोठा (येशूजन्माचा देखावा), आजाऱ्यांच्या भेटी आणि रात्रीची मिस्सा यांत सिस्टर इतक्या दमलेल्या असतात की दुपारी बिर्याणीपुढे डुलक्या घेतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर बंदी असल्याने उघड्यावरची मिस्सा बऱ्याच ठिकाणी लवकर सुरू होते, पण घरी येऊन निजेपर्यंत मध्यरात्र होतेच. २५ला साधं जेवण आणि भरपूर झोप ठेवा. खरा कार्यक्रम २६ला संध्याकाळी, नाहीतर २८ला. नाताळचं अष्टक, म्हणजे सणाचे आठ दिवस, १ जानेवारीपर्यंत चालतं, घाई कसली.

गोठ्यासाठी गहू १४-१५ डिसेंबरला भिजवून पसरट ट्रेमध्ये पेरा, नाताळला चार बोटं हिरवं गवत होतं. आधी पेरलं तर पिवळं पडून आडवं होतं. बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत कपाटात राहू द्या आणि ती कुठे ठेवली ते दोघींना सांगून ठेवा.

२८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या दिवशी, सगळ्यात धाकटी सिस्टर किंवा नोव्हिस (व्रतं घेण्याआधीची उमेदवार) दिवसापुरती सुपिरिअर, म्हणजे घराची प्रमुख, होते, अशी जुनी रीत कित्येक संघांत आहे. ती गोड व्हायची असेल तर हद्द आदल्या दिवशीच सांगा. मेन्यू, बसायच्या जागा, कामांची अदलाबदल आणि रिक्रिएशनची वेळ तिच्या हातात. पैसे, परवानग्या आणि प्रार्थनेच्या वेळा नाहीत. खऱ्या सुपिरिअरला तिने भाजी निवडायला बसवावं हे ठीक. कुणाच्या चालण्या-बोलण्याची नक्कल मात्र त्या सिस्टरने स्वतः हसून होकार दिला असेल तरच.

नाटुकली आणि मेणबत्त्या

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठात दुसऱ्या एका संत तेरेजाने १८९४ ते १८९७ या काळात अशा रिक्रिएशनसाठी आठ नाटकं लिहिली. १८९५च्या जानेवारीत ती स्वतः नाटकात चितेवर जाळलेली जोन ऑफ आर्क झाली होती. चितेच्या देखाव्यासाठी ठेवलेल्या स्पिरिटच्या दिव्यांनी नेपथ्यानेच पेट घेतला, ती थोडक्यात बचावली. तुमच्या हॉलमध्ये थर्माकोल, क्रेप कागद आणि पॉलिएस्टरच्या साड्या असणार, म्हणजे धोका जास्तच. जळती मेणबत्ती चॅपलमध्ये, नाटकात बॅटरीची. नाटक पंधरा मिनिटांचं, पात्रं पाचपर्यंत आणि तालमी दोन. तिसरी तालीम ठेवली की कुणीतरी रुसते.

नावाचा सण आणि भेटी

वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे नावाचा सण, घरात आधी मानला जातो. आता बहुतेक घरं दोन्ही पाळतात. दारिद्र्याचं व्रत असल्यामुळे वैयक्तिक महाग वस्तू देऊन त्या सिस्टरला अडचणीत टाकू नका, ती वस्तू शेवटी सामायिक कपाटातच जाते. आध्यात्मिक पुष्पगुच्छ, म्हणजे तिच्यासाठी करायच्या प्रार्थनांचं कार्ड, देतात तेव्हा आकडे झेपतील तेवढेच लिहा. कार्डावर पन्नास जपमाळा लिहून बारा झाल्या, की देणारीलाच वर्षभर टोचत राहतं. त्यापेक्षा तिची एक आठवड्याची भांड्यांची पाळी कुणी घेतली तर ती जास्त खूश होते.

अंथरुणाला खिळलेल्या सिस्टरला हॉलमध्ये ओढत आणण्याऐवजी पहिली वीस मिनिटं तिच्या खोलीत घालवा. एक गाणं, केकचा मऊ तुकडा, फोटो. सगळ्या एकदम बोलल्या तर कानाचं यंत्र लावणारीला नुसता गोंगाट ऐकू येतो.

कार्यक्रम घंटेच्या वीस मिनिटं आधी थांबवा, नऊची घंटा असेल तर नऊच्या ठोक्याला नव्हे. त्या वीस मिनिटांत भांडी होतात, उरलेलं फ्रिजमध्ये जातं आणि खुर्च्या जागेवर लागतात. स्वयंपाक केलेल्यांनी भांड्यांना हात लावायचा नाही. त्यांची नावं आदल्या दिवशीच पाळीच्या फळ्यावरून पुसून टाका.