मोहिमेनंतरचे जबाब घेताना या चुका टाळा

मोहीम आटोपली, माणसं परत आली, आता त्यांना विचारून अहवाल लिहायचा. मग तीन जबाब हातात येतात आणि तिघं तीन वेगळ्या मोहिमांवर गेले होते की काय, अशी शंका येते. किंवा तिन्ही जबाब शब्दाला शब्द जुळतात. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकाराची जास्त धास्ती बाळगा.

सगळ्यांना एकत्र बसवून सुरुवात करणं

वेळ वाचतो म्हणून ही चूक सर्रास होते. आवाज चढा असलेला किंवा हुद्द्याने मोठा माणूस आधी बोलतो आणि बाकीच्यांची आठवण त्याच्या साच्यात बसत जाते. यात खोटेपणा नसतो, हे लक्षात घ्या. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच घटनेची दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत जोडीतल्या दोघांना स्वतंत्रपणे दाखवली आणि मग त्यांना आपसात बोलू दिलं. नंतर 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला, जोडीदाराकडून ऐकलेला तपशील ‘पाहिला’ म्हणून सांगितला.

म्हणून आधी प्रत्येकाला एकटं बसवा, कागद द्या, आठवेल ते लिहू द्या. एकत्र चर्चा जरूर करा, पण त्यानंतर.

प्रश्नातच उत्तर पेरणं

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग इथे आठवावा. गाड्यांच्या अपघाताची तीच फिल्म पाहिलेल्या लोकांना वेग विचारला. प्रश्नात ‘धडाडून आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द होता तेव्हा सरासरी उत्तर ताशी 40.8 मैल आलं; ‘एकमेकींना लागल्या’ असा सौम्य शब्द वापरला तेव्हा 31.8. तेव्हा ‘दार उघडंच होतं ना?’ हा प्रश्न गिळा आणि ‘दाराबद्दल काय आठवतं?’ असं विचारा. तो ‘ना’ फार महागात पडतो.

आकडे जसेच्या तसे बेरजेत धरणं

15 सप्टेंबर 1940 रोजी इंग्लंडवरच्या हवाई लढाईनंतर 185 जर्मन विमानं पाडल्याचं ब्रिटनने जाहीर केलं. प्रत्यक्षात जर्मनांनी त्या दिवशी गमावली साधारण 60. एकाच विमानावर दोघा-तिघांनी गोळ्या झाडल्या, ते कोसळताना प्रत्येकाने पाहिलं आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे ‘एक’ मोजलं.

‘किती?’ एवढ्यावर थांबलात तर तुमच्याही अहवालात हेच होणार. प्रत्येक नगामागे वेळ, जागा, दिशा आणि त्या क्षणी जवळ आणखी कोण होतं, हे विचारा. दोन नोंदी या चारही बाबतीत जुळल्या, तर ती गोष्ट एकच असण्याची शक्यता मोठी.

मध्येच तोडणं

माणूस रंगात आलेला असतो आणि आपण विचारतो, ‘थांबा, तेव्हा किती वाजले होते?’ धागा तुटला. वेळ शेवटी विचारता येते.

चौकशी आणि शिक्षा यांची सरमिसळ

अमेरिकेत वैमानिक आपल्या चुका 1976 पासून नासाकडे कळवतात. नियम करणारी आणि दंड करणारी यंत्रणा वेगळी आहे, आणि नासा कळवणाऱ्याची ओळख काढून टाकते. लोक बोलतात ते त्यामुळे. तुमच्याकडे अशी सोय नसेल, तर निदान हा जबाब पुढे कोण वाचणार ते आधीच सांगा. खोटा दिलासा देऊ नका; एकदा दिलात की पुढच्या मोहिमेनंतर कुणी तोंड उघडणार नाही.

गाडी अडली तर

‘काही आठवत नाही’ म्हणाला? रेटू नका, रेटलं की माणूस अंदाज बांधून देतो. त्याला जागेचा कच्चा नकाशा काढायला लावा. किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला सांगा. फिशर आणि गाइझेलमन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांसाठी बसवलेल्या मुलाखत पद्धतीत ही युक्ती आहे.

फारच दमलेला दिसतोय? आत्ता मोजकं लिहून घ्या, सविस्तर झोपेनंतर.

दोन जबाब भिडतायत? मधला मार्ग काढू नका. एक म्हणतो डावीकडून, दुसरा म्हणतो उजवीकडून, आणि अहवालात ‘समोरून’ लिहिलेलं मी वाचलं आहे! दोन्ही लिहा, आणि कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, कुणी तर्क केला, हे प्रत्येक वाक्यापुढे नोंदवा.

शेवटी जबाब त्याला वाचून दाखवा. दुरुस्ती सुचवली तर जुनं वाक्य खोडू नका. नवं त्याखाली वेळ टाकून लिहा.