वरचा थर बघून पेटी घेऊ नका: कंटेनरमधल्या डेटाबेसचा बॅकअप

सतरा रात्रींच्या सतरा फायली होत्या माझ्याकडे. नावं बरोबर, तारखा बरोबर, मधली एकही रात्र गळलेली नाही. आणि प्रत्येक फाइल २० बाइटची.

आत काहीच नसताना जीझिपने (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) पुडकं बांधलं की ते २० बाइटचं होतं, हे मला तेव्हा कळलं. एप्रिल २०२३. आंब्याच्या पेट्या रोज जात होत्या, आणि एका संध्याकाळी लाइट चारदा आली-गेली त्यात डिस्क बसली. पावसच्या अलीकडे आमची कलमं आहेत. बाबांच्या, दोन काकांच्या आणि शेजारच्यांच्या ऑर्डरी मी पडवीतल्या फळीवर ठेवलेल्या एका छोट्या संगणकावर सांभाळते. त्यात डॉकर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारी सोय, आणि डॉकरमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस. बॅकअप रोज रात्री दोनला होत होता, म्हणजे निदान माझी तशी समजूत होती.

झालं होतं असं. त्याच महिन्यात मी कंपोजची, म्हणजे एका फायलीवरून डॉकरचे कंटेनर चालवणाऱ्या साधनाची, जुनी आवृत्ती काढून दुसरी टाकली. पहिल्या आवृत्तीत कंटेनरच्या नावात अंडरस्कोर असायचे, दुसरीत त्यांच्या जागी हायफन आले. माझी क्रॉनमधली (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) ओळ मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहिली. डॉकर रोज सांगायचा, असा कंटेनर नाही. पण पाइपच्या, म्हणजे एका कमांडमधून निघालेलं दुसरीकडे देणाऱ्या जोडणीच्या, पलीकडच्या टोकाला जीझिप बसलेला. त्याच्या हातात आलं शून्य, ते त्याने इमानेइतबारे बांधलं आणि काम फत्ते म्हणून कळवलं. पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो, त्यामुळे कुठे बोंब झालीच नाही. सतरा दिवसांच्या ऑर्डरी मग व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआयच्या नोंदी आणि मोठ्या काकांची वही यांतून तीन रात्री बसून पुन्हा भरल्या. काका येता-जाता विचारायचे, "काय गो, माझ्या वहीस लाइट लागते काय?"

तर आता मी कसं करते ते सांगते. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

पहिला मोह टाळायचा तो व्हॉल्यूमचं, म्हणजे कंटेनरचा डेटा जिथे साठतो ते, फोल्डर उचलून कॉपी करण्याचा. डॉकर ते आपल्या व्हॉल्यूम्सच्या फोल्डरात ठेवतो, सहज सापडतं, म्हणून हात तिकडेच जातो. पण डेटाबेस चालू असताना काही बदल मेमरीत असतात, काही डब्ल्यूएएल लॉगमध्ये (बदलांची आधी नोंद होते ती वही), काही टेबलांच्या फायलींत पोचलेले. तुमची कॉपी पहिल्या फायलीपासून शेवटच्या फायलीपर्यंत जाईस्तोवर आधीच्या बदललेल्या असतात. कंटेनर थांबवून कॉपी केली तर ती चालते, पण ती फक्त त्याच मुख्य आवृत्तीला. पोस्टग्रेस १५चं फोल्डर १६ उघडत नाही. त्यात १८पासून अधिकृत इमेजने (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा) डेटाची आतली जागाही बदलली आहे. डंप, म्हणजे डेटाबेसमधलं सगळं एका फायलीत उतरवलेलं, काढला की या सगळ्यातून सुटका. डंप चालू डेटाबेसमधूनच निघतो, सुरुवातीच्या क्षणाचं एकसंध चित्र घेतो, आणि तो काढेपर्यंत ऑर्डरी घेणं थांबवावं लागत नाही.

माझी ओळ अशी: डॉकर कंपोज, मग हायफन एफ आणि कंपोज फायलीचा पूर्ण पत्ता, मग एक्झेक, हायफन कॅपिटल टी, सेवेचं नाव डीबी, पीजी डंप, हायफन कॅपिटल यू आणि युजरचं नाव, हायफन कॅपिटल एफ स्मॉल सी, आणि शेवटी डेटाबेसचं नाव. पुढे 'मोठं आहे'चं चिन्ह आणि फायलीचं नाव.

यातलं प्रत्येक अक्षर कुठेतरी ठेच लागून आलंय. सेवेचं नाव वापरलं की कंटेनरचं नाव उद्या काहीही होवो, फरक पडत नाही. पूर्ण पत्ता अशासाठी की क्रॉन तुमच्या फोल्डरात उभा राहून काम करत नाही. कॅपिटल टी सगळ्यांत महत्त्वाचा. कंपोजचा एक्झेक एरवी टर्मिनल जोडून घेतो. साध्या डॉकर एक्झेकला तर आपणच सवयीने हायफन आयटी लावतो. टर्मिनल मध्ये आलं की ते प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा बाइट घुसवतं. साध्या मजकुराला ते फारसं जाणवत नाही, पण कस्टम प्रकारचा डंप बायनरी असतो, त्याचा चोथा होतो. फाइल दिसायला भरलेली, उघडायला गेलं की बाद.

एफसी म्हणजे हाच कस्टम प्रकार. तो मुळातच दाबलेला असतो, वर जीझिप नको. म्हणजे पाइप नको, म्हणजे माझा जुना अपघातही नको. तुम्हाला पाइप हवाच असेल तर स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट हायफन ओ पाइपफेल लिहा.

डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा. पीजी डंप यशस्वी ठरला, तरच एमव्हीने (नाव बदलणारी कमांड) खरं नाव द्यायचं. अर्धवट फाइल मग कधी बॅकअपच्या रांगेत येऊन बसत नाही. हे सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनला फक्त स्क्रिप्टचं नाव द्या. तारखेसाठी लागणारं टक्क्याचं चिन्ह क्रॉनच्या ओळीत थेट लिहिलं तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथेच तुटते. वेळ मी दुपारी अडीचची केली आहे. रात्रीची लाइट गेलेली असली आणि इन्व्हर्टरही बसला की क्रॉन ती पाळी सरळ सोडून देतो. तुम्ही सिस्टमडीचा टायमर वापरत असाल तर त्यात पर्सिस्टंट चालू करा, तो चुकलेली पाळी यंत्र सुरू झाल्यावर भरून काढतो.

एक राहतंच: पीजी डंपमध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. त्यासाठी पीजी डंपऑलला ग्लोबल्स ओन्ली सांगून एक छोटी फाइल वेगळी काढावी लागते.

आता तपासणी. आंब्याची पेटी घेणारं नवखं गिऱ्हाईक वरचा थर बघतं. जाणता माणूस हात घालून खालच्या थरातला आंबा वर काढतो. पीजी रिस्टोअरला (डंप परत भरणारी कमांड) हायफन स्मॉल एल देऊन यादी मागितली की टेबलांची नावं झरझर येतात आणि बरं वाटतं. पण ती यादी फायलीच्या सुरुवातीलाच असते. फाइल मध्येच तुटलेली असली तरी यादी पूर्ण दिसू शकते. खालचा थर बघायचा तर पीजी रिस्टोअरला हायफन स्मॉल एफने डेव्ह नल हे ठिकाण द्या. तो सगळी फाइल शेवटपर्यंत वाचतो आणि वाचलेलं टाकून देतो. कुठे अडखळला तर एरर देतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ एमव्हीच्या आधी आहे.

फाइल चांगली झाली, पण ती त्याच फळीवर ठेवून उपयोग काय? २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या आतेभावाच्या दुकानातला संगणक आणि त्याची बॅकअपची हार्डडिस्क एकाच टेबलावर होती. दोन्ही एकाच चिखलातून काढली. म्हणून माझी फाइल रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने दूरच्या स्टोरेजवर जाते. एक प्रत पुण्याला भावाकडेही असते. रेस्टिक स्वतः एन्क्रिप्ट करतो आणि आधी पाठवलेले तुकडे पुन्हा पाठवत नाही, मोबाइलच्या नेटवर चालवायचं तर हे मोठं सुख. मात्र दाबलेल्या डंपमध्ये थोडा बदल झाला तरी पुढचे बरेच बाइट बदलतात आणि रेस्टिकला जुने तुकडे ओळखू येत नाहीत. त्यामुळे रेस्टिककडे जाणारा डंप मी हायफन कॅपिटल झेड शून्य लावून न दाबताच काढते. दाबायचं काम ०.१४ आवृत्तीपासून रेस्टिकलाच येतं. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा प्रती ठेवून बाकीच्या तो पुसतो. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर कोणीच काही करू शकत नाही. माझा आईच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीत आहे.

तुमच्याकडे मायएसक्यूएल असेल तर डंपला सिंगल ट्रान्झॅक्शन लावा, पण टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तरच ते पुरतं. मारियाडीबीच्या ११पासूनच्या इमेजमध्ये कमांडचं नाव मारियाडीबी डंप झालंय, जुन्या नावाने शोधाल तर सापडणार नाही. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना कॉपी करू नका, तिची स्वतःची बॅकअप कमांड आहे. कंपोजची फाइल, पासवर्डांची एन्व्ह फाइल आणि लोकांनी चढवलेले फोटो डंपमध्ये नसतात, ते वेगळे घ्या. आणि कंपोज डाउनपुढे हायफन व्ही कधी लावू नका. व्ही म्हणजे व्हॉल्यूम. तोही जातो, आणि 'नक्की का?' असं कोणी विचारत नाही.

बॅकअप परत भरून बघायची रंगीत तालीम मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करते. त्याच मुख्य आवृत्तीच्या पोस्टग्रेसचा एक कामचलाऊ कंटेनर डॉकर रनने उठवायचा, हायफन हायफन आरएम लावून, म्हणजे थांबवला की तो मागे काही ठेवत नाही. त्यात रिकामा डेटाबेस तयार करायचा. दूरच्या स्टोरेजवरून खाली आणलेली फाइल डॉकर एक्झेकमधून पीजी रिस्टोअरकडे द्यायची. घरातली फाइल घेऊन तालीम केली तर निम्मा रस्ता तपासायचा राहतो. इथे हायफन आय हवा, नाहीतर फाइल आत पोचतच नाही. टी नको. युजरांची भानगड टाळायला नो ओनर लावलं की झालं. मग ऑर्डरींच्या टेबलावर तारखेप्रमाणे पेट्या मोजायच्या.

मोजणी जुळवायला मी काकांना बसवते. ते वही उघडतात, मी पडद्यावरचा आकडा वाचते. गेल्या मे महिन्याच्या तालमीत १४ एप्रिलला अडलो. वहीत ६४ पेट्या, पडद्यावर ६३. काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मी आदल्या दिवसाचा आकडा काढला, तिथे एक पेटी जास्त. ती ऑर्डर अमेरिकेतल्या भाच्याची, आपल्याकडे पहाटे तीनला आलेली. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, त्याच्या हिशेबाने तेव्हा १३ तारखेचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. काकांनी पेन्सिल घेतली, वहीच्या समासात 'मशीन साडेपाच तास मागे' असं लिहिलं आणि पान उलटलं.