ऑल-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक सेडान: टायरपासून टोइंगपर्यंत, या चुका टाळा

एका टायरला कट गेला, म्हणून तेवढाच एक नवा बसवला. फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यानं फारसं बिघडत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनचं बळ मिळणाऱ्या सेडानमध्ये मात्र महागड्या बिघाडांची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते, आणि तो बिघाड काही हजार किलोमीटरनंतर उघड होत असल्यामुळे त्याचा संबंध टायरशी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारण साधं आहे. पुढची आणि मागची चाकं एकाच यंत्रणेनं जोडलेली असतात. काही गाड्यांत मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) असतं, तर बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा संच असतो. चाकांच्या वेगात फरक पडला की कुठलं तरी चाक घसरतंय असं ही यंत्रणा धरून चालते आणि प्लेटा आवळते. टायर लहान-मोठे असले तर हा फरक सरळ, कोरड्या रस्त्यावरही कायम राहतो.

आकडे मांडून बघा. २२५/४५ आर १७ मापाच्या नव्या टायरचा घेर साधारण १,९९० मि.मी. असतो. नव्या टायरची नक्षी ८ मि.मी. खोल आणि जुन्याची ४ मि.मी. असेल, तर त्रिज्येत ४ मि.मी.चा आणि घेरात सुमारे २५ मि.मी.चा फरक पडतो. म्हणजे जुनं चाक दर किलोमीटरला सहा फेऱ्या जास्त मारतं, शंभर किलोमीटरमध्ये सहाशेहून अधिक. मागचा एकच टायर नवा असेल तर हा अख्खा फरक मागच्या डिफरन्शियलला सोसावा लागतो आणि त्याच्या निम्मा मधल्या क्लचला. मागची जोडी नवी असेल तर तो पूर्णच्या पूर्ण मधल्या क्लचवर येतो. 'दोन बदलले म्हणजे झालं' हा सल्ला म्हणूनच या गाड्यांना लागू पडत नाही.

सुबारूनं चारही टायरांच्या घेरातल्या फरकाची मर्यादा पाव इंच, म्हणजे ६.४ मि.मी. सांगितली आहे. नक्षीच्या खोलीत तो जेमतेम १ मि.मी. होतो. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. तिथे सापडली नाही तर १ मि.मी. धरून चाला, त्यात नुकसान काहीच नाही.

मोजताना आधी चारही टायरांत दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. मग डेप्थ गेजनं प्रत्येक टायरची नक्षी आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. एकच टायर बाद झाला असेल आणि बाकीचे तीन अर्ध्यावर आले असतील, तर तीन रस्ते आहेत: चारही बदलायचे, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि तेवढाच झिजलेला टायर शोधायचा, किंवा जिथे सोय असेल तिथे नवा टायर मशीनवर बाकीच्यांच्या मापापर्यंत तासून घ्यायचा. नवा टायर तासणं जिवावर येतं हे खरं, पण क्लच प्लेटांचा संच किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत बळ वाटणारी पेटी) बदलण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.

ही वेळच येऊ नये म्हणून दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरांची अदलाबदल करा. इंजिनचं वजन आणि स्टिअरिंगचं काम यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. एकाच दिशेनं फिरणारे, बाजूवर बाण असलेले टायर फक्त पुढे-मागे बदलता येतात. काही सेडानना पुढे आणि मागे वेगवेगळ्या रुंदीचे टायर असतात, तिथे अदलाबदल करताच येत नाही. अशा गाडीत नक्षीवर जास्त बारीक नजर ठेवावी लागते.

स्टेपनी छोट्या मापाची असेल तर ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच वापरा, तीही ताशी ८० किलोमीटरच्या आत. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये बॉनेटखाली 'एफडब्ल्यूडी' (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. छोटी स्टेपनी लावल्यावर तिथे फ्यूज बसवला की मागच्या चाकांचं बळ तुटतं आणि क्लच वाचतो. पूर्ण मापाचं चाक परत बसवलं की तो फ्यूज आठवणीनं काढा.

तेल एक नाही, चार-पाच ठिकाणी असतं

'गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे' हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. पण बऱ्याच कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. तेलात बुडालेले क्लच असलेल्या फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही लागतात. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी साखळी किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, फक्त तिचंच तेल चालतं. तिच्यात साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरलं तर साखळी किंवा पट्टा घसरायला लागतो.

पातळीच्या बाबतीत तर फारच चुका होतात. आजच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत पी (पार्क) मध्ये आणायचा आणि तेलाचं तापमान ठरलेल्या टप्प्यात असताना भरायच्या बोल्टमधून तेल बारीक धारेनं बाहेर येतंय का ते बघायचं. झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठी हा टप्पा ३० ते ५० अंश सेल्सिअस आहे. तापलेलं तेल फुगतं. त्यामुळे ८० अंशाला पातळी 'बरोबर' भरली, तर थंड झाल्यावर ती कमी भरते. मेकॅनिकनं स्कॅनर लावून तापमान बघितलं नसेल तर त्यानं पातळी मोजलेलीच नाही असं समजा. शिवाय तळाचा बोल्ट उघडून सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचं बळ तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. जेवढं निघालं तेवढंच भरलं जातं, म्हणून किती निघालं ते मापात बघून ठेवा.

यापुढची तेलं बहुतेक मालकांना माहीतच नसतात. मागच्या डिफरन्शियलमध्ये वेगळं, जाड गिअर ऑइल असतं, बहुधा ७५डब्ल्यू-९० जीएल-५, साधारण एक लिटरच्या आसपास. इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत पुढे एक बेव्हल बॉक्स, म्हणजे बळ काटकोनात वळवून मागे पाठवणारी गिअरची पेटी, असतो. त्यातलं तेल अगदी थोडं, तोही सायलेन्सरच्या नळीजवळ असल्यामुळे कायम तापलेला. काही गाड्यांत त्याला तेल काढायचा बोल्टच दिलेला नसतो, तेव्हा पंपानं ओढून काढावं लागतं. हॅल्डेक्ससारख्या क्लचचं (बऱ्याच गाड्यांत हाच तो मधला क्लच) तेल पुन्हा वेगळं. हा क्लच मागच्या डिफरन्शियलला चिकटूनच बसतो, पण दोघांची तेलं आणि बोल्ट वेगळे असतात. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर प्लेटा संपल्याच. हॅल्डेक्सच्या पाचव्या पिढीत बदलता येणारा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. नुसतं तेल बदललं आणि पंप काढून जाळी धुतली नाही, तर प्लेटांचा गाळ तिथेच बसतो, पंपावर ताण येतो आणि एक दिवस मागची चाकं बळ घेणं थांबवतात. काम देतानाच 'पंप काढून जाळी साफ करायची' असं स्पष्ट सांगा.

आणि कुठल्याही डिफरन्शियलवर काम करताना तेल भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच तेल काढायचा बोल्ट उघडा. खालून तेल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी तिथेच बसते.

लिव्हर आणि पाय

उतारावर थांबताना बहुतेक जण थेट पी टाकून ब्रेकवरचा पाय काढतात. मग गाडी थोडी सरकते, आणि तिचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या खिटीवर येतं. निघताना लिव्हर ओढला की 'ठक' असा आवाज येतो तो त्या खिटीचाच. क्रम असा ठेवा: पायाचा ब्रेक, लिव्हर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक, ब्रेकवरचा पाय हळू उचलून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, पुन्हा ब्रेक, आणि मग पी.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी मधून आर मध्ये जाऊ नका. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, त्यानं टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. त्यासाठी ब्रेक आहे. घाट उतरताना न्यूट्रल करणं तर सोडूनच द्या. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

एक गैरसमज मात्र जिवावर बेततो. चारही चाकांना बळ मिळतं म्हणजे गाडी निसरड्यावर लवकर थांबते, असं अनेकांना मनापासून वाटतं. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. ही यंत्रणा फक्त वेग घ्यायला मदत करते, थांबायला नाही. ओल्या किंवा बर्फाच्या रस्त्यावर गाडी सहज वेग घेते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. ते कळतं ब्रेक दाबल्यावर. तिथे उपयोग होतो तो चांगल्या टायरांचा आणि जास्त अंतर राखण्याचा.

रुतल्यावर रेस देऊ नका

चिखलात किंवा वाळूत अडकल्यावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवला, की चाकं खड्डा खोदतात आणि मधला क्लच तापतो. अर्ध्या-एका मिनिटात यंत्रणा तापल्याचा इशारा दिसतो आणि बऱ्याच गाड्या मागच्या चाकांचं बळ बंद करतात. हा बिघाड नाही, बचाव आहे. इंजिन चालू ठेवून गाडी पी मध्ये उभी करा आणि इशारा जाईपर्यंत थांबा.

तेवढ्या वेळात चाकांसमोरची माती काढा आणि पोट टेकलंय का बघा. सेडानचं पोट जमिनीपासून १३ ते १५ सेंटिमीटरवरच असतं, त्यामुळे बहुतेक वेळा चाकं नव्हे, पोटच अडकलेलं असतं. मग ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण चाक घसरताच ते इंजिनचं बळ कापतं. स्टिअरिंग सरळ ठेवून अगदी हलकी रेस द्या. पुढे-मागे झुलवायची असेल तर दर वेळी ब्रेक दाबून चाकं थांबवा, मगच लिव्हर बदला. बाहेर पडलात की ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा चालू करा.

पाण्यातून जावं लागलंच तर पुढच्या दोन-चार दिवसांत डिफरन्शियलचं तेल बघून घ्या. तापलेलं डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. तेल दुधट दिसलं तर लगेच बदला.

टोइंग

चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, म्हणजे फ्लॅटबेड. पुढची दोन उचलून मागची फरफटत नेली तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे बळ नेणारा लांब दांडा) फिरतो आणि मधला क्लच ओढला जातो. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप चालत नाही, त्यामुळे आतले भाग कोरडे फिरतात. दहा-पंधरा किलोमीटरमध्येही काम बिघडू शकतं. फोन करतानाच 'ऑल-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा' असं सांगा. बॅटरी उतरल्यामुळे लिव्हर पी मधून निघत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. ते उघडून आतली कळ स्क्रूड्रायव्हरनं दाबा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर न्यूट्रलमध्ये घ्या.

गॅरेजमध्ये एकच चाक जॅकवर उचलून डी मध्ये टाकू देऊ नका. जमिनीवरच्या चाकांना बळ मिळालं तर गाडी जॅकवरून उडी मारते.

लक्षणावरून शोध

मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून डी मध्ये नुसत्या रांगत्या वेगानं वर्तुळ मारा. कुणीतरी ब्रेक धरल्यासारखी गाडी अडखळत, उड्या घेत चालत असेल तर मधला क्लच सुटत नाहीये. आधी टायर मोजा, मग तेल बदला. तेल बदलून आठवडाभर चालवल्यावर हा त्रास अनेकदा कमी होतो. जुन्या सुबारूत वर सांगितलेला फ्यूज लावून वर्तुळ परत मारा. तरीही अडखळली तर दोष सोलेनॉइडमध्ये (क्लचचा तेलाचा दाब सांभाळणाऱ्या विजेच्या झडपेत) किंवा क्लच प्लेटांमध्येच आहे.

हलकी रेस दिल्यावर थरथर येते आणि पाय काढला की थांबते, तेव्हा टायर, ट्रान्सफर केसचं तेल आणि प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग याच क्रमानं बघा. गुणगुण स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे केल्यावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग, रेस दिल्या-सोडल्यावर बदलत असेल तर डिफरन्शियल. पूर्ण वळणावर 'कट-कट' म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल.

एबीएस आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह असे दोन्ही दिवे एकदम लागले तर क्लचला हात लावू नका. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेला की यंत्रणा आंधळी होते आणि स्वतःला बंद करते. बॅटरी अशक्त असली तरी खोटे दोष नोंदले जातात, म्हणून स्कॅनर लावण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

जुनी गाडी घेताना चारही टायरांच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कोडांत वर्षा-दोन वर्षांचा फरक असेल तर नक्षी मोजा, आणि सौद्याचं बोलणं सुरू करण्याआधी ते वर्तुळ मारून बघा.