कपडे कधी धुवायचे? पावसाची मार्कोव्ह साखळी घरच्या घरी

ठाण्यात पावसाळ्यात कपडे वाळणं म्हणजे नशीबच, पण थोडी प्रोबॅबिलिटी लावता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांच्या बाजूला रोज एक अक्षर लिहायचं, पा नाहीतर को. पाऊस, कोरडा. एवढाच डेटा.

पाऊस कशाला म्हणायचं ते आधी ठरवा नाहीतर घरात भांडणं होतात. हवामान खातं 24 तासांत 2.5 मिमी किंवा जास्त पडला तर पावसाचा दिवस धरतं, मोजणी सकाळी साडेआठला. गच्चीत सरळ उभ्या बाजूंची बरणी ठेवा, साडेआठला पट्टी लावून बघा आणि ओतून टाका. पागोळीखाली ठेवू नका, मी पहिला आठवडा तेच केलं आणि येऊरच्या डोंगरावर ढगफुटी झाल्यासारखे आकडे आले.

महिना संपला की जोड्या मोजा, आज काय आणि उद्या काय. माझ्या ऑगस्टच्या 31 दिवसांत 30 जोड्या निघाल्या, पा नंतर पा 16 वेळा आणि को 4 वेळा, को नंतर पा 4 आणि को 6. आता प्रत्येक ओळ तिच्या बेरजेने भागा (पा ची 20 ने, को ची 10 ने), म्हणजे आज पाऊस असेल तर उद्याही पाऊस 0.8, आज कोरडं तर उद्याही कोरडं 0.6. झाली मार्कोव्ह साखळी, म्हणजे उद्याचा अंदाज फक्त आजच्या दिवसावरून! रशियन गणितज्ञ मार्कोव्हने 1913 मध्ये पुश्किनच्या कवितेतली 20,000 अक्षरं घेऊन स्वर-व्यंजनं हातानेच मोजली होती, त्यामुळे एक्सेल येत नाही म्हणून अडू नका.

आता गंमत. आमची आई म्हणते चार दिवस झोडपलंय, उद्या उघडीप मिळणारच. साखळीला मागचे चार दिवस दिसतच नाहीत, तिला फक्त आज दिसतो, म्हणून उघडीप 0.2 च. पावसाची सलग पाळी सरासरी 1 भागिले 0.2, म्हणजे 5 दिवस, पण तीन दिवस झाले म्हणून दोनच उरले असं नाही, आजनंतर अजून सरासरी 4 उरतात, आजचा धरून पुन्हा 5 च. आई हे मान्य करत नाही, आणि ती चूक आहे असंही नाही, कालचा दिवस खरंच मोजावा लागतो का ते बघायला जोड्यांऐवजी तीन-तीन दिवस मोजून पडताळा.

जूनचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबर यात मिसळू नका, तिथे आकडे वेगळेच असतात. आणि 30 जोड्या फार कमी, निदान तीन वर्षांचे ऑगस्ट जमवा.

जीन्सला लागतात दोन कोरडे दिवस. आज कोरडं असेल तर पुढचे दोन्ही कोरडे, 0.6 गुणिले 0.6, म्हणजे 0.36. मी टीशर्ट धुतले.