बोट लागते त्यांनी डाइव्हला कसं जावं

मी डाइव्ह बोटीवर, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या बोटीवर, गाइड आहे आणि मला बोट लागते. यात नवल काहीच नाही. ॲडमिरल नेल्सनला लागायची, आणि १८३१ ते १८३६ या बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनही तिने हैराण झाला होता. आतला कान धड आहे त्या कुणालाही, समुद्र पुरेसा खवळला की बोट लागू शकते. प्रश्न आहे तो तिची वेळ आपल्यावर येऊ द्यायची की नाही, एवढाच.

‘लागते’ म्हणणारी बहुतेक मंडळी जाताना वाटेतल्या प्रवासाला घाबरतात. माझ्या मते खरा घातवार वेगळाच आहे. बोट साइटवर पोचते, इंजिन बंद होतं आणि सगळे एकदम वाकून सामान चढवायला लागतात, ती पंधरा-वीस मिनिटं. पुढे लिहिलेलं जवळपास सगळं याच मिनिटांसाठी आहे.

चालती बोट लाटा कापत जाते, तोंडावर वारा असतो, नजर लांब असते. थांबलेली बोट हळूहळू लाटांना आडवी होते आणि डावी-उजवीकडे झोके खायला लागते. माणसाला सगळ्यात वाईट सोसते ती साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी वर-खाली हालचाल. कान सांगतो हलतोय, डोळे बघत असतात पायाशी ठेवलेला स्थिर सिलिंडर. हे भांडण मेंदूला झेपत नाही आणि त्याची शिक्षा पोट भोगतं. म्हणूनच हवामानाचा अंदाज बघताना नुसती लाटांची उंची बघू नका, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. बारा सेकंदांनी येणारी एक मीटरची लाट बोटीला अलगद उचलून ठेवते. पाच सेकंदांनी येणारी तेवढीच लाट आतडी पिळते. निवड हातात असेल तर सकाळची पहिली फेरी घ्या, बहुतेक किनाऱ्यांवर वारा दुपारकडे वाढत जातो. एकाच आकाराच्या दोन बोटींत रुंद किंवा दोन सांगाड्यांची बोट कमी झोके खाते.

आता गोळीबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की जठर पुढे काही ढकलायचंच थांबवतं, त्यामुळे तेव्हा गिळलेली गोळी तिथेच पडून राहते, नाहीतर उलटीतून बाहेर पडते. सिनॅरिझीन निघण्याआधी दोन तास, मेक्लिझीन तासभर आधी. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावायची, ती तीन दिवस चालते. पट्टी लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि गेज, म्हणजे हवेचा दाब दाखवणारं मीटर, वाचता येत नाही. या पट्टीने तोंडही कोरडं पडतं, आणि सिलिंडरमधली हवा मुळातच कोरडी असते, तेव्हा पाण्याची बाटली हाताशी हवी.

प्रोमेथाझीनने माणूस चांगलाच पेंगतो, बाकीच्या गोळ्याही काहींना सुस्त करतात. पाण्याखाली तीस मीटरच्या आसपास, दाबाखाली घेतलेल्या हवेतल्या नायट्रोजनची गुंगी असतेच, त्यावर आणखी गोळीची गुंगी मी तरी कुणाला घेऊ देणार नाही. म्हणून कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती घरी, डाइव्ह नसलेल्या दिवशी. झोप येते का, दिसायला धूसर होतं का, ते तिथे कळू दे. काचबिंदू, वाढलेली प्रोस्टेट, गरोदरपण, दमा किंवा रोजची इतर औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको, आणि विचारताना ‘मी हे घेऊन डाइव्ह करणार आहे’ हेही सांगा.

आलं आणि मनगटावरचे पट्टे यांबद्दल मला रोज विचारतात. अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अपाय काही नाही, बरं वाटत असेल तर खुशाल वापरा, पण भर समुद्रात फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी हवी. सकाळी उपाशी निघू नका. रिकाम्या पोटाने मळमळ कमी होते हा निव्वळ गैरसमज आहे, उलट नुसत्या पित्ताच्या कोरड्या उमाळ्या जास्त छळतात. दीड-दोन तास आधी थोडं, कोरडं, बिनतेलाचं खा आणि पाणी घोट घोट पीत राहा.

धक्क्यावर लवकर पोचा, आणि बोट बांधलेली असतानाच सगळी जोडाजोड उरकून टाका. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) सिलिंडरला बांधा, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र) लावा, हवा उघडून दाब बघा, दोन्ही माउथपीसमधून श्वास घेऊन बघा, मग हवा बंद करून सिलिंडर पट्ट्याने अडकवून ठेवा. खाली उतरायला लागणारी पट्ट्यातली वजनं मोजून ठेवा. मास्कची काच धूसर होऊ नये म्हणून तिला आतून फेस लावा. कॅमेरा असेल तर त्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी) आदल्या रात्रीच बंद करून आणा. त्याची एक ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) नीट बसत नाही म्हणून डुलत्या बोटीत डोकं गुडघ्यात घालून, नखाने रबर दाबत बसलेला माणूस मी बघते तेव्हा मला पुढचं माहीत असतं: तिसऱ्या मिनिटाला तो ताठ बसतो, दूर कुठेतरी बघतो आणि आवंढा गिळतो.

आणि हो, तुम्हाला लागते हे गाइडला धक्क्यावरच सांगा. लाज कसली? मला आधी कळलं तर मी तुम्हाला पाण्यात उतरणाऱ्यांत पहिलं ठेवू शकते, बाकाच्या बाहेरच्या टोकाची जागा देऊ शकते, फिन्स (पायातले पंखे) चढवायला माणूस देऊ शकते. नंतर कळलं तर माझ्या हातात फक्त बादली असते.

बसायचं बोटीच्या मधोमध किंवा थोडं मागे, आणि खालच्या डेकवर. पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं, वरच्या डेकवर झोका मोठा लागतो, आणि अगदी मागे इंजिनाचा धूर येतो. त्या धुराने चांगल्या चांगल्यांचं पोट ढवळतं, म्हणून वारा कुठून आहे ते बघून बसा. तोंड प्रवासाच्या दिशेला, नजर क्षितिजावर, डोकं शक्यतो कशाला तरी टेकवलेलं. मोबाइल खिशात. केबिनमध्ये किंवा टॉयलेटमध्ये जायचं नाही, बंद खोलीत डोळ्यांना धरायला काहीच उरत नाही. क्षितिज दिसत नसेल तर मधल्या जागी आडवं होऊन डोळे मिटून घेणं हा त्याखालोखालचा उपाय. वेटसूट कमरेपर्यंतच चढवा; बंद चेनीत उन्हात उकडत बसणं आणि गळ्याशी आवळलेली कॉलर, दोन्ही मळमळीला आमंत्रण देतात. ब्रीफिंग शक्यतो वाटेतच ऐकून घ्या, म्हणजे साइटवर पोचल्यावर वही-नकाशात डोकं घालावं लागणार नाही.

आता ती पंधरा-वीस मिनिटं. बोट मंद होऊ लागली की उठा, तोवर नाही. क्रम असा ठेवा की मान खाली घालायची वेळ कमीत कमी येईल. आधी बाहेर बघत उभ्या-उभ्याच सूटची चेन ओढून घ्या. वेट बेल्ट बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, कमरेशी आणून द्यायला सांगा. मास्क गळ्यात, मग बसून बीसीडीत हात घाला, आणि फिन्स सगळ्यात शेवटी, शक्यतो दुसऱ्याकडून. बडी-चेक (एकमेकांचं सामान तपासणं) क्षितिजाकडे तोंड करून, चाचपून आणि मोठ्याने बोलून करता येतो. मास्क अगदी उतरायच्या क्षणी डोळ्यांवर घ्या. दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं की गरगरणं वाढतं. सामान चढवून बाकावर बाकीच्यांची वाट बघत बसायचं नाही. तुम्ही तयार झालात की गाइड पाण्यात असली पाहिजे, हे आधी ठरवून घ्या.

त्या वेळी मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत असते. मघापर्यंत बडबडणारा अचानक गप्प होतो. जांभया सुरू होतात. ओठांभोवतीचा रंग उतरतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला सारखं पाणी सुटतं. एवढं झालं की उलटी फार लांब नसते. तेव्हा ती वारा पाठीवर येईल अशा बाजूला, कठडा धरून, कुणाला तरी शेजारी उभं करून मोकळी करून टाका. एकदा उलटी होऊन खरंच हलकं वाटलं, हातपाय थरथरत नसतील, डोकं ताळ्यावर असेल, तर गाइडशी बोलून उतरायचं की नाही ते ठरवा. उलट्या सुरूच असतील तर त्या दिवशी डाइव्ह नाही. अंगातलं पाणी गेलेलं असतं, आणि पाण्याची कमतरता डीकम्प्रेशनच्या त्रासाचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढवणारी मानली जाते. ‘खाली गेलं की बरं वाटेल’ हे खरंही ठरतं बऱ्याचदा, पण उतरताना कानांतला दाब सारखा करायचं, म्हणजे कान मोकळे करायचं, विसरेल इतक्या गळालेल्या माणसाला मी खाली नेत नाही.

बरं का वाटतं, त्याचं कारण साधं आहे. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने कमी होते. पाच सेकंदांच्या लाटेची, खोल पाण्यात, दहा मीटरवर जेमतेम पाचवा हिस्सा हालचाल उरते. म्हणून पृष्ठभागावर तरंगत रेंगाळू नका. रेग्युलेटर तोंडात, चेहरा पाण्यात, आणि दोर धरून, कान मोकळे होतील त्या वेगाने खाली. दोर डोळ्यांना आधार देतो, नुसत्या निळ्यात उतरताना तो मिळत नाही. उथळ खडकांवर मात्र पाणी पुढे-मागे ओढत राहतं. तिथे हलणाऱ्या शैवालाकडे बघू नका, दगडावर नजर ठेवा.

आणि खालीच उलटी आली तर? रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा, हाताने घट्ट धरायचा, त्यातूनच ओकायचं. मग पर्ज बटण (हवेचा झोत सोडणारं) दाबून तो साफ करायचा आणि पहिला श्वास जिभेची आड धरून हळूच घ्यायचा. ऑक्टोपस, म्हणजे जादा माउथपीस, दुसऱ्या हातात तयार असू दे. पहिला तुंबला तर तो घ्या. रेग्युलेटर काढून ओकण्यात धोका हा, की उमाळ्यानंतर माणूस नकळत जोरात आत ओढतो. श्वास रोखून वर पळायचं नाही. सावरल्यावर बडीला खूण करून नेहमीच्या वेगाने वर या.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तो सेफ्टी स्टॉप पुन्हा अवघड असतो, कारण बोटीला बांधलेला दोर बोटीबरोबर उचकत असतो. तो मुठीत आवळलात तर तुम्हीही उचकाल. हात लांब करून दोर सैल मुठीतून सरकू द्या, किंवा शेजारी तरंगत राहून बडीकडे बघा.

वर आल्यावर सूट उघडा, पाणी प्या, पुन्हा मधल्या जागी जा. दुसऱ्या डाइव्हचा सिलिंडर बदलायचं काम दुसऱ्याला सांगा. अनेक दिवस बोटीवरच राहणार असाल तर बहुतेकांचा कान दोन-तीन दिवसांत सरावतो, आणि मग जमिनीवर उतरल्यावर जमीन डुलते. ते बहुधा आपोआप जातं.

एक गोष्ट मात्र बोट लागण्याच्या खात्यात टाकू नका. डाइव्हनंतर नव्याने सुरू झालेली गरगर, एका कानाने कमी ऐकू येणं, कानात शिट्टी वाजणं, चालताना तोल जाणं, बधिरपणा, यांतलं काही असेल तर तो डीकम्प्रेशनचा किंवा कानाच्या इजेचा प्रकार असू शकतो. एकाच ठिकाणी भरलेल्या सिलिंडरवर गेलेल्या दोघा-तिघांचं डोकं दुखून मळमळत असेल तर हवेत कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्या आणि उरलेले सिलिंडर बाजूला काढा. अशा वेळी मळमळीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. ऑक्सिजन लावा, आणि बोट किनाऱ्याकडे वळवतानाच डाइव्ह मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.